पिशवीच्या तोंडाचा विषाणू आणि त्याचे साथीदार

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा लैंगिक संबंधातून होणारा आणि जगात सर्वांत जास्त आढळणारा विषाणूसंसर्ग आहे. ज्यांचे शरीरसंबंध सुरू झाले आहेत अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. ताप येत नाही, खाज सुटत नाही, जखम होत नाही. आला केव्हा आणि गेला केव्हा, कळतही नाही. दहांतल्या साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत आपोआप निघून जातो. उरलेल्या एखादीच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो आणि त्यांतल्याही काहींना दहा-वीस वर्षांनी गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो. गावाकडच्या बायका याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कॅन्सरचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि जवळजवळ ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

उपकेंद्रातल्या नर्सबाई, आशाताई, शिबिरातल्या डॉक्टर आणि समुपदेशक यांच्यासमोर या दुखण्याची कारणे दोन अंगांनी येतात. पहिले कारण विषाणू. ते नेमके आहे, सिद्ध झालेले आहे आणि सगळ्या जगात एकच आहे. दुसरी कारणे बाईच्या आयुष्यात पसरलेली असतात: लग्न कितव्या वर्षी झाले, नवरा कुठे कामाला असतो, बाळंतपणे किती झाली, स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्याची पायरी कधी चढली का. विषाणू जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला येतो. कॅन्सर कोणाच्या वाट्याला येणार हे बरेचसे या दुसऱ्या यादीवर ठरते, आणि त्या यादीतल्या फार थोड्या गोष्टी बाईच्या हातात असतात. तपासणीच्या टेबलाजवळ काही महिने उभे राहिलेल्या कोणालाही हे उमगते. तरी घरात आणि गावात दोष दिला जातो तो तिलाच.

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतले चाळीसएक जननेंद्रियांच्या त्वचेत आणि आतल्या नाजूक अस्तरात शिरतात. सहा आणि अकरा क्रमांकांच्या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात. कधी एकेकट्या, कधी फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या घोसाने. दिसायला त्या भयंकर वाटतात आणि रुग्ण हादरून जातो, पण या प्रकारांतून गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही. कॅन्सर घडवणारे प्रकार डझनभर आहेत. त्यांत सोळा आणि अठरा हे दोन सर्वांत घातक असून गर्भाशयमुखाच्या शंभर कॅन्सरांपैकी सुमारे सत्तर या दोघांमुळे होतात. हे प्रकार बाहेर काहीच दाखवत नाहीत. डोळ्यांना दिसणारा संसर्ग बहुधा निरुपद्रवी आणि न दिसणारा जीवघेणा, ही उलटी रीत रुग्णाला समजावून सांगताना समुपदेशकाचा बराच वेळ जातो.

या कॅन्सरचे शरीरसंबंधाशी काही नाते असावे, ही शंका जुनी आहे. इटलीतल्या व्हेरोना शहरात दोमेनिको रिगोनी-स्टर्न या वैद्याने मृत्यूच्या नोंदी चाळल्या आणि १८४२ साली दाखवून दिले की गर्भाशयाच्या कॅन्सरने विवाहित स्त्रिया दगावतात, त्या मानाने मठातल्या जोगिणी जवळजवळ नाहीतच. कारण सापडायला पुढे एकशेचाळीस वर्षे लागली. १९७० च्या दशकात बहुतेक शास्त्रज्ञांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूवर होता. जर्मनीतले हाराल्ड झुर हाउझेन मात्र चामखिळीच्या विषाणूमागे लागले होते. त्यांच्या गटाने १९८३ मध्ये सोळा क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी अठरा क्रमांकाचा प्रकार कॅन्सरच्या गाठींतून वेगळा काढला. २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी स्त्रीच्या गर्भाशयमुखातून १९५१ साली घेतलेल्या ज्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात, त्यांतही हाच अठरा क्रमांकाचा विषाणू निघाला.

विषाणू पसरतो तो त्वचेला त्वचा आणि अस्तराला अस्तर लागल्याने. संबंध पूर्ण झालाच पाहिजे असे नाही. जननेंद्रियांचा निकट स्पर्श पुरतो. संबंधाच्या वेळी अस्तरावर बारीक, न दिसणारे ओरखडे पडतात. त्या फटींतून विषाणू सर्वांत खालच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतो आणि तिथे बस्तान बसवतो. निरोधमुळे धोका कमी होतो, पण निरोधने न झाकलेल्या त्वचेवरही विषाणू असू शकतो, म्हणून संरक्षण पूर्ण मिळत नाही. एचआयव्ही, परमा किंवा गरमीपासून निरोध जितका बचाव करतो तितका इथे करत नाही, पण म्हणून तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही. रक्तातून हा विषाणू पसरत नाही. एकत्र जेवणे, एका बादलीतले पाणी वापरणे, सार्वजनिक संडास, यांची भीती बाळगण्यासारखी नाही. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला संसर्ग क्वचित होतो.

तपासणीचा अहवाल हाती पडला की बाईचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नसतोच. ती आवाज खाली आणून विचारते, “सिस्टर, हे कुणाकडून आलं?” कधी हाच प्रश्न बाहेर थांबलेला नवरा दरडावून विचारतो. याचे खरे उत्तर एकच आहे: सांगता येत नाही. विषाणू वर्षानुवर्षे शांत पडून राहू शकतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की पुन्हा चाचणीत दिसू लागतो. आज आढळलेला संसर्ग गेल्या महिन्यातला असेल किंवा पंधरा वर्षांपूर्वीचा. तो नवऱ्याकडून आला असेल, किंवा नवऱ्याच्या लग्नाआधीच्या काळातून त्याच्याबरोबर घरात आला असेल. जन्मभर एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या बाईला तो होतो, आणि शिबिरांत आढळणाऱ्या बहुतेक बायका अशाच असतात. म्हणून अनुभवी समुपदेशक अहवाल नवऱ्याच्या, सासूच्या किंवा जावेच्या हातात देत नाहीत. आधी बाईला आत बोलावतात, दार लावून घेतात, समजेल अशा शब्दांत सांगतात, आणि घरी काय सांगायचे हे तिच्याबरोबर ठरवतात. ही दहा मिनिटे वाचवली तर पुढे बाई उपचाराला येतच नाही.

पुरुषांच्या बाबतीत आपल्या आरोग्यव्यवस्थेने डोळे मिटून घेतले आहेत. जगातल्या सुमारे एक तृतीयांश पुरुषांच्या जननेंद्रियांवर कुठला ना कुठला एचपीव्ही असतो. त्यांना क्वचितच त्रास होतो आणि त्यांच्यासाठी नेहमीच्या वापरातली मान्यताप्राप्त चाचणीही नाही. त्यामुळे कागदावर संसर्ग असतो तो फक्त बाईचा. नवऱ्याचे जितक्या जणींशी संबंध आलेले असतील, तितका त्याच्या बायकोचा धोका वाढतो. ती स्वतः कितीही एकनिष्ठ असली तरी. कामासाठी महिनोन्महिने घराबाहेर राहणारे नवरे असलेल्या गावांत हे प्रकर्षाने जाणवते. दोष त्या पुरुषांच्या पेशाचा नाही. पण धोक्याची विचारपूस करताना “तुमचे किती जणांशी संबंध?” एवढेच बाईला विचारून फॉर्म बंद करणे म्हणजे अर्धा प्रश्न विचारणे होय. सुंता झालेल्या पुरुषांत हा विषाणू टिकून राहण्याचे प्रमाण कमी आढळते, हेही अनेक देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे.

आता वयाचा प्रश्न, आणि महाराष्ट्रासाठी तो फार महत्त्वाचा आहे. गर्भाशयमुखाची बाहेरची बाजू चपट्या पेशींच्या अनेक थरांनी झाकलेली असते आणि आतली वाहिनी उभट पेशींच्या एकाच थराने. या दोन अस्तरांचा सांधा जिथे असतो, तिथे एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकारच्या पेशी घेत असतात. मुलगी वयात आल्यापासून पुढची काही वर्षे हा बदल जोरात चालू असतो आणि सांधा बाहेरच्या बाजूला उघडा पडलेला असतो. विषाणूला हीच जागा सर्वांत मानवते, आणि कॅन्सरही बहुतांशी इथेच सुरू होतो. पंधरा-सोळाव्या वर्षी संबंध सुरू झाले तर विषाणूची गाठ नेमक्या या कच्च्या, घडत्या अस्तराशी पडते. शिवाय पहिले बाळंतपणही लवकर येते आणि विषाणूला पुढे मुरायला वर्षेही जास्त मिळतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत हा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर होता. ऊसतोडीला निघताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून आईबाप तिचे हात पिवळे करून टाकतात. तोडीची मजुरीही नवरा-बायकोच्या जोडीवर, कोयत्यावर ठरते. बालविवाहाविरुद्ध बोलताना शिक्षणाचा आणि कुपोषणाचा मुद्दा नेहमी येतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मुद्दाही त्याच पंगतीत बसवायला हवा, कारण त्या वयातल्या लग्नाचा हिशोब चाळिशी-पन्नाशीत चुकता होतो आणि तोवर लग्न लावून देणारे कोणी विचारायला उरलेले नसते.

विषाणू मुक्काम ठोकतो म्हणजे काय करतो, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. त्याच्या जनुकांपैकी ई-६ आणि ई-७ ही दोन घातक असतात. पेशी बिघडली की तिची वाढ थांबवणारी किंवा तिला मरायला लावणारी पी-५३ आणि आरबी नावाची प्रथिने शरीरात असतात. ई-६ पहिल्याला मोडून काढते, ई-७ दुसऱ्याला निकामी करते. मग पेशी बिघडलेल्या अवस्थेतच विभागत राहते. अस्तरात आधी सौम्य, मग तीव्र बदल दिसू लागतात. यांतले सौम्य बदल पुष्कळदा आपोआप मागे फिरतात. तीव्र बदल मात्र उपचाराविना सोडून देण्यासारखे नसतात. ही वाटचाल दहा ते वीस वर्षांची असते. कॅन्सरसारख्या रोगाने एवढा अवधी देणे दुर्मीळ आहे, आणि तो वाया जाणे ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे.

प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर हा अवधी आटतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो, आणि औषधे सुरू नसतील तर दहा-वीस वर्षांचा प्रवास पाच-दहा वर्षांत उरकतो. म्हणून एआरटी केंद्रात औषधे घ्यायला येणाऱ्या बाईची ही तपासणी पंचविशीपासूनच आणि अधिक वारंवार व्हायला हवी. मूत्रपिंड बदललेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू आहे. क्लॅमिडिया आणि जननेंद्रियांची नागीण यांसारखे दुसरे लैंगिक संसर्ग सोबत असले की अस्तर सुजलेले राहते आणि एचपीव्ही टिकून राहायला मदत होते.

तंबाखूचे नाव इथे निघाले की शिबिरातल्या बायका चकित होतात. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या स्रावात तंबाखूतली द्रव्ये सापडतात आणि त्यांचा धोका स्पष्टपणे वाढलेला असतो. आपल्याकडे बाई विडी कमी ओढते, पण सकाळी उठून मिश्री लावणाऱ्या बायका गावोगाव आहेत. गर्भाशयमुखाच्या बाबतीत धूम्रपानाविरुद्धचा पुरावा जितका भक्कम आहे तितका मिश्रीविरुद्ध नाही. मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो हे मात्र निर्विवाद आहे, आणि सोडायला तेवढे कारण पुरे. तपासणीसाठी आलेल्या बाईचे तोंडही उघडून पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती सगळीकडे असावी.

बाळंतपणे जितकी जास्त तितका धोका जास्त. विषाणूची लागण झालेल्या स्त्रियांत सात किंवा अधिक बाळंतपणे झालेल्यांचा धोका मूल न झालेल्यांच्या सुमारे चौपट असतो. गर्भनिरोधक गोळ्या सलग पाच वर्षांहून अधिक घेतल्यास धोका साधारण दुप्पट होतो, पण गोळ्या बंद केल्यावर तो उतरत जातो आणि दहा वर्षांत पूर्ववत होतो. यावरून गोळ्या टाळाव्यात असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. नको असलेल्या गरोदरपणाचे धोके कितीतरी मोठे आहेत. गोळ्या घेणाऱ्या बाईने तपासणी चुकवू नये, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईतली कॅन्सर नोंदणी देशातली सर्वांत जुनी, १९६३ पासूनची. तिच्या नोंदींत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे प्रमाण दशकांमागून दशके उतरत गेलेले दिसते. लस तेव्हा नव्हती, सार्वत्रिक तपासणीही नव्हती. लग्ने उशिरा होऊ लागली आणि मुले कमी झाली, याचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

कारण नसलेल्या गोष्टींचे काय, हा प्रश्न प्रत्यक्ष कामात कारणांइतकाच वेळ खातो. पाळीत कापड वापरल्याने विषाणू जन्माला येत नाही. तांबी बसवल्याने कॅन्सर होत नाही. नसबंदीने होत नाही. देवाचा कोप किंवा कोणाची नजर यांचा तर प्रश्नच नाही. पण सर्वांत घट्ट रुजलेला आणि सर्वांत महागात पडलेला समज म्हणजे अंगावरून पांढरे जाणे हीच कॅन्सरची सुरुवात, हा. पांढरे जाण्याची बहुतेक कारणे साधी असतात. काही प्रमाणात ते नैसर्गिकच असते. वास, खाज, रंगात बदल असेल तर बुरशीचा, जिवाणूंचा किंवा ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग असतो आणि तो काही दिवसांच्या औषधाने बरा होतो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. एवढा त्रास अंगावर काढणाऱ्या बायकांच्या मनात कॅन्सरची भीती घालणे फार सोपे असते.

बीड जिल्ह्यात ते घडले. पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून आलेल्या ऊसतोड बायकांना पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असे सांगून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अनेकींचे वय तिशी-चाळिशीच्या आतबाहेर होते. तोडीवर एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड लावतो, पाळीच्या दिवसांत पाचटात काम करायचे, आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला पिशवी काढून कटकट मिटते असे वाटले तर तिला अडाणी म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले की ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, आणि ज्या अंगमेहनतीसाठी हे केले तीच झेपेनाशी होते. ज्या कॅन्सरची भीती घातली, तो आहे की नाही हे पाहणारी साधी तपासणी आधी करायला हवी होती.

ती तपासणी खरोखरच साधी आहे. व्हीआयए असे तिचे नाव. शाळेच्या खोलीत किंवा उपकेंद्रात टेबल, डोक्यावर चांगल्या उजेडाचा दिवा, दाराला साडी बांधून केलेला आडोसा. नर्सबाई योनीत स्पेक्युलम बसवून गर्भाशयमुख दिसेल असे करतात, चिकट स्राव पुसतात आणि पाच टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापूस त्यावर दाबून धरतात. पदार्थ तोच, जो व्हिनेगरमध्ये असतो. मग एक मिनिट थांबायचे. त्या मिनिटात बाईने टेबलाची कड घट्ट धरलेली असते आणि अनुभवी नर्सबाई तिच्याशी मुलांच्या शाळेबद्दल, पिकापाण्याबद्दल बोलत राहतात. निरोगी अस्तर गुलाबीच राहते. बिघडलेल्या पेशींचा भाग मात्र पांढराफटक होतो, सांध्याला लागून, ठळक कडा असलेला. पुसट, विरळ पांढरेपणा आणि हा पांढरेपणा यांतला फरक पुस्तकाने शिकता येत नाही. शेकडो वेळा पाहूनच नजर बसते. डाग आढळला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही. लागल्यास तुकडा तपासून, नाहीतर त्याच बैठकीत, गोठवून किंवा तापवलेल्या टोकाने वीस-तीस सेकंद डागून ती जागा नष्ट करतात. पुढे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर संबंध टाळायचे असतात. ही शेवटची सूचना बाईला देऊन भागत नाही, हे काम करणाऱ्यांना पुरते ठाऊक असते. ती नवऱ्यालाही, डॉक्टरांच्या तोंडून, सांगावी लागते.

ही तपासणी किती उपयोगाची, याचे उत्तर जगाला महाराष्ट्राने दिले आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी जेमतेम दहावी शिकलेल्या वस्तीतल्याच बायकांना व्हीआयए शिकवले. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्यांनंतर तपासलेल्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाने, डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन यांच्या साथीने त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. चार गट केले: एकाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन तपासणे), तिसऱ्याची व्हीआयए आणि चौथ्याला नेहमीची सेवा. एचपीव्ही चाचणी झालेल्या साधारण दहापैकी एकीत विषाणू सापडला. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्यांच्यातली एकही या कॅन्सरने गेली नाही. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीचा हा परिणाम होता. चौथ्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला, आणि तो रास्तच होता. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर जगभरची धोरणे बदलली, हेही तितकेच खरे. बार्शी-धाराशिवच्या बायकांचे ऋण जगावर आहे.

त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. लहान वयातले लग्न, नवऱ्याचे संबंध, एचआयव्ही, तंबाखू, बाळंतपणे, या सगळ्यांच्या वर तपासणी न होणे हा सर्वांत मोठा धोका बसला आहे. त्याची कारणे तपासणीच्या वेळी ऐकू येतात. “मला काही त्रास नाही, मग दाखवायचं कशाला?” “पुरुष डॉक्टर असतील तर नको.” “मजुरी बुडते.” “काही निघालं तर मालक नांदवतील का?” आणि बऱ्याच ठिकाणी खरे कारण व्यवस्थेकडे असते: शिबिर झाले, डाग सापडले, यादी झाली, पण डागणारे यंत्र जिल्ह्याच्या गावी आणि बाई चाळीस किलोमीटरवर. ज्यांना डाग सांगून उपचाराविना परत पाठवले, त्या पुन्हा कधी येत नाहीत आणि शेजारणींनाही येऊ देत नाहीत. म्हणून तपासणी आणि उपचार एकाच भेटीत उरकण्याचा आग्रह धरलाच पाहिजे. बाईने स्वतःच आडोशाला जाऊन नमुना घ्यायचा, अशी एचपीव्ही चाचणी आता उपलब्ध आहे आणि लाजेचा अडसर तिने बराच दूर होतो.

लसीने मूळ कारणावरच घाव घालता येतो. विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे ९ ते १४ वयात ती द्यायची असते. आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती सहा, अकरा, सोळा आणि अठरा या चार प्रकारांविरुद्ध आहे. एक मात्राही पुरेशी ठरते, हे दाखवणाऱ्या पुराव्यात भारतातल्या मुलींचा मोठा वाटा आहे. २०१० मध्ये इथला लसीचा अभ्यास मध्येच थांबला आणि अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर त्याही सोळा-अठराच्या टिकाऊ संसर्गापासून इतरांइतक्याच सुरक्षित निघाल्या. “एवढ्या लहान पोरीला असली लस कशाला?” असे आई विचारते, तेव्हा ही कॅन्सरची लस आहे, एवढे सांगणे खरेही असते आणि पुरेसेही.

लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करायची असते, कारण लस सगळ्या घातक प्रकारांना अडवत नाही. सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा व्हीआयए तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात विनामूल्य होते. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणे, ही लक्षणे असतील तर शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवावे. त्रास नसेल तरी तिशी ओलांडलेल्या वाचक भगिनींनी स्वतःची तपासणी कधी झाली ते आठवून पाहावे आणि झाली नसेल तर या महिन्यात करून घ्यावी. जाताना, पाळी गेली, आता कशाला, असे म्हणणाऱ्या आईला आणि सासूबाईंनाही सोबत न्यावे. पाळी गेल्यावर अस्तरांचा सांधा आत सरकतो आणि व्हीआयएने नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणी मागून घ्यावी. भारतात हा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो तो त्यांच्याच वयात, पन्नाशी ते साठीच्या दरम्यान.